सीपीआरच्या डमीत स्प्रिंग असते, माणसाच्या छातीत नसते

फर्स्ट एडच्या ट्रेनिंगला सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं, केलाय का कधी? जमिनीवर कंबरेपर्यंतची डमी, तिच्या छातीच्या मधोमध तळहाताची टाच टेकवायची, कोपर ताठ ठेवायचे आणि दाबायचं, 5 ते 6 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पुरेसं खोल गेलं की बऱ्याच डमींमधून टक् असा आवाज येतो. मी शिकलो तेव्हा दोन मिनिटांत माझं सगळं लक्ष त्या टक्-कडेच लागलं, आणि खऱ्या छातीतून तसा आवाज कधी येत नाही, आलाच तर तो बरगडी मोडल्याचा.

ही डमी 1960 ची. नॉर्वेतले आस्मुंड लेर्डाल खेळणी बनवायचे, मऊ प्लास्टिकच्या बाहुल्यांत त्यांचा हात बसलेला, त्यांनी डॉक्टरांसोबत 'रेसुसी अ‍ॅन' बनवली. तिचा चेहरा कुठून आला ते सगळे सांगतात, पण माझ्या मते खरा प्रश्न छातीचा आहे.

साध्या स्प्रिंगचं गणित सरळ, दुप्पट दाबायचं तर जोर दुप्पट. आपली छाती म्हणजे बरगड्या, कूर्चा, स्नायू आणि आत रक्त-हवेने भरलेले अवयव, त्यामुळे ती सुरुवातीला नरम लागते, खोल जाल तशी जास्तच कडक होत जाते आणि किती वेगाने दाबताय त्यावरही अडते. रंगपंचमीची पिचकारी आठवा, हळू दाबली की सहज जाते, झटक्यात दाबली की हाताला चांगलीच लागते, तसंच काहीसं. शिवाय स्प्रिंग दाबलेला जोर जवळजवळ सगळा परत देते, म्हणजे हात तीच वर उचलते! खरी छाती एवढा जोर परत देत नाही. मग स्प्रिंगवर शिकलेला माणूस छातीवर भार तसाच ठेवून बसतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त नीट भरत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

यावर उपाय म्हणजे काही खोलीनंतर कामाला लागणारी दुसरी कडक स्प्रिंग, आणि सोबत एक सिलिंडर, ज्यातलं द्रव बारीक भोकातून ढकललं जातं, दाराच्या डोअर क्लोजरसारखं. अडचण टिकण्याची आहे, कारण डमी हजारो वेळा दाबली जाते, सील झिजलं की गळती, आणि साधी स्प्रिंग तालुक्याच्या गावातही बदलता येते, सिलिंडरचं तसं नाही.

अशी डमी मिळेपर्यंत तुमच्या डमीचा टक् बंद करता येत असेल तर एक राउंड तसा करून बघा, आणि दर दाबानंतर हाताचा भार स्वतः उचला, स्प्रिंगला उचलू देऊ नका.