एफटीपीची लिंक उघडत नाही: अडलंय ब्राउझरपाशी की जोडणीत?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला) बाहेरगावचं गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं, तेव्हा मेलमध्ये कधीकधी अजूनही एफटीपीची, म्हणजे सर्व्हरवरून फाइल उतरवण्याच्या जुन्या पद्धतीची, लिंक असते. ती फाइल हातात आल्याशिवाय उद्यमनगरात पॅटर्नचं (ओतकामाच्या साच्यासाठीच्या नमुन्याचं) काम सुरू होत नाही. अशा वेळी ‘लिंक उघडत नाही’ एवढंच कळवलं जातं, आणि गोंधळ तिथेच होतो, कारण या एका तक्रारीमागे दोन निरनिराळे बिघाड असतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला बिघाड ब्राउझरचा. क्रोमने आवृत्ती ८८ मध्ये, जानेवारी २०२१ ला, एफटीपी बंद केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ९५ मधून ते पूर्ण काढून टाकलं. फायरफॉक्सने जुलै २०२१ च्या आवृत्ती ९० मध्ये तेच केलं. मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर, चालतो, त्यामुळे ब्राउझर बदलून पाहण्यात वेळ जातो, फाइल येत नाही. ‘फ्लॅग्जमध्ये (ब्राउझरच्या प्रायोगिक सेटिंग्जमध्ये) जाऊन एफटीपी चालू करा’ हा जुना सल्लाही आता निरुपयोगी, कारण ते सेटिंगच उरलेलं नाही. ब्राउझरची जुनी आवृत्ती शोधून बसवणं तर मुळीच नको. सुरक्षेच्या किती दुरुस्त्या तिच्यात नसतात!

याची खूण सोपी आहे. क्लिक केल्यावर काहीच होत नाही, किंवा लिंक कशात उघडायची असं विंडोज विचारतं. सर्व्हरपर्यंत काहीही पोचलेलंच नसतं. यावर उपाय म्हणून फाइलझिला किंवा विनएससीपी हा एफटीपीसाठीचा प्रोग्रॅम घ्या, होस्ट (सर्व्हरचा पत्ता), युजरनेम आणि पासवर्ड भरा; पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, वेगळा सांगितला नसेल तर २१. साध्या एफटीपीसाठी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत लिंक पेस्ट केली तरी चालते.

दुसरा बिघाड जास्त फसवा. लॉगिन होतं, सर्व्हर स्वागतही करतो, पण फाइलींची यादी येता येत नाही. फाइलझिलात २० सेकंदांनी जोडणी तुटल्याचा संदेश येतो. पासवर्ड चुकला असं वाटून तो पुन्हा पुन्हा मागवला जातो, पण पासवर्डचा इथे काही संबंध नसतो.

एफटीपी दोन जोडण्यांवर चालतं. पोर्ट २१ वर फक्त आज्ञा आणि उत्तरं जातात. यादी आणि फाइल दुसऱ्या, वेगळ्या जोडणीवरून येते. ॲक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरकडे करू पाहतो आणि ऑफिसचा राउटर बाहेरून आलेली हाक आत सोडत नाही. पॅसिव्ह मोडमध्ये सर्व्हर पोर्ट सांगतो आणि जोडणी तुमच्याकडून होते. म्हणून आधी फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर सेटिंग्जखाली पॅसिव्ह निवडा. विंडोजची कमांड लाइनवरची एफटीपी आज्ञा पॅसिव्ह वापरतच नाही. तिच्यावर चाचणी घेऊन निष्कर्ष काढू नका.

पॅसिव्हमध्येही अडलं तर लॉगमधली, म्हणजे सर्व्हरशी झालेल्या संवादाच्या नोंदीतली, २२७ ने सुरू होणारी ओळ वाचा. तिच्या कंसात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ १९२,१६८,१,१०,१९५,८०. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटच्या दोनांवरून पोर्ट निघतो: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बाहेरचा सर्व्हर स्वतःचा आतल्या नेटवर्कचा पत्ता देतोय. ती दुरुस्ती त्यांच्याकडचीच. फाइलझिला असा पत्ता ओळखून सांभाळून घेतं, पण सगळी साधनं घेत नाहीत. पत्ता बरोबर असूनही यादी येत नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तेच करून पाहा. तिथे चाललं तर अडथळा ऑफिसच्या फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात) आहे. दोन्हीकडे अडलं तर बहुधा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पॅसिव्ह पोर्ट उघडलेले नाहीत. गिऱ्हाइकाला कळवताना ती २२७ ची ओळ जशीच्या तशी पाठवा. त्यांच्या आयटीवाल्याला नेमकं तेच लागतं.

दोन्हींतला फरक ओळखायची आमची कसोटी एकच: सर्व्हरकडून तीन आकडी उत्तर आलं का? आलं असेल तर ब्राउझरचा प्रश्न मागे पडला. मग ५३० म्हणजे लॉगिन नाकारलं. ५५० म्हणजे फाइल नाही किंवा परवानगी नाही. लिनक्स सर्व्हरवर नावातलं इंग्रजी अक्षर लहानाचं मोठं झालं तरी हेच येतं. ४२५ म्हणजे दुसरी जोडणी झाली नाही. ४२१ आलं तर बऱ्याचदा एकाच वेळी फार जण जोडलेले असतात. थोड्या वेळाने पुन्हा बघा.

फाइल उतरली, पण झिप खराब दाखवते? सर्व्हरवरचा आकार आणि तुमच्याकडचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहा. थोडासाच फरक असेल तर फाइल आस्की, म्हणजे साध्या मजकुरासाठीच्या, मोडमध्ये आली असण्याची शक्यता मोठी. त्या मोडमध्ये ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जातात. फाइलझिलाच्या ट्रान्सफर मेनूत ट्रान्सफर टाइप बायनरी (फाइल जशीच्या तशी आणणारा) करा, आधीची फाइल डिलीट करा आणि पहिल्यापासून पुन्हा उतरवा.