बार सोडायला शिकताना

वेटलिफ्टिंगमधला स्नॅच, म्हणजे बार (वजनाच्या प्लेट लावायचा लोखंडी दांडा) जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणं, शिकवणारा चांगला प्रशिक्षक आधी बार टाकायला शिकवतो. हातात सुरुवातीला नुसती काठी, मग रिकामा बार: पुरुषांचा 20 किलोचा, महिलांचा 15 किलोचा. डोक्यावर गेलेला बार तोलला नाही, तर तो पुढे सोडून मागे सरकायचं किंवा मागे सोडून पुढे उडी घ्यायची. वेटलिफ्टिंगने मुलींच्या अंगात जो धीर येतो, तो मला इथून येताना दिसतो. एकदा बार सुखरूप टाकता आला की पुढचे पाच किलो चढवताना हात थरथरत नाहीत.

पुण्यात बळ कमावायची जागा म्हणजे तालीम. चिंचेची, खालकर, नगरकर ही नावं पेठांमध्ये आजही पत्ता सांगताना येतात. लाल माती, जोर-बैठका, फिरवायच्या मुद्गलांची जोडी आणि करेला, उचलायची जड दगडी नाल. नाल हातून निसटली तर पायावरच यायची, म्हणून तिला हात लावण्याआधी पोरगा वस्तादाच्या नजरेखाली अंग तयार करायचा. त्या सबुरीबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त त्या उंबऱ्याच्या आत मुलींना जागा नव्हती.

जागतिक व्यासपीठावरही त्यांना फार उशिरा जागा मिळाली. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याची स्पर्धा होती. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा मात्र 1987 ची आणि ऑलिंपिक प्रवेश थेट 2000 मध्ये, सिडनीत. मधल्या काळात खेळच बदलला. प्रेस, म्हणजे खांद्यावरचा बार फक्त हातांच्या जोरावर वर ढकलणं, या प्रकारात खेळाडू पाठ इतकी मागे वाकवू लागले की पंचांना निकाल देणं अवघड झालं, आणि 1972 नंतर तो वगळला गेला. उरले स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे बार आधी खांद्यावर घेऊन मग झटक्यात डोक्यावर नेणं. दोन्हींत ताकदीइतकाच वेग लागतो, आणि बाराखाली शिरण्याचं धाडसही.

सिडनीत 69 किलो गटात कर्णम मल्लेश्वरीने स्नॅचमध्ये 110 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 130 असे मिळून 240 किलो उचलले आणि ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. शेवटच्या प्रयत्नात सुवर्णासाठी तिने 137.5 किलो मागितले होते. ते पडले. मीराबाई चानूचे 2016 मध्ये रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, त्यामुळे तिच्या नावावर एकूण वजनच लागलं नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली, आणि टोकियोत 202 किलोंसह तिने रौप्य घेतलं. बार हातून जाणं हा या खेळाचा रोजचा भाग आहे, हे या दोघींकडे पाहून कळतं.

पुण्यात हा खेळ तालमीबाहेर पडला तो बालेवाडीमुळे. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी तिथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगही झालं. लष्कराच्या क्रीडा संस्थेने, म्हणजे आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटने, जेरेमी लालरिननुंगा आणि अचिंता शेउली यांना याच शहरात घडवलं. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोघांनीही सुवर्ण घेतलं. तिथेच सांगलीच्या संकेत सरगरचं कोपर दुसऱ्या जर्कमध्ये दुखावलं, तरी तो तिसऱ्यासाठी उभा राहिला. तो प्रयत्न साधला नाही आणि सुवर्ण एका किलोने हुकलं.

गल्लीतल्या साध्या जिममध्ये मात्र अजून फरशी आणि लोखंडी प्लेट. तिथे बार टाकला तर फरशी फुटते, म्हणून कुणी टाकू देत नाही, आणि म्हणून स्नॅच कुणी शिकवतही नाही. एखाद्या मुलीला हा खेळ शिकायचा असेल, तर फी विचारण्याआधी तिने तिथली जमीन पाहावी: लाकडी प्लॅटफॉर्म आहे का, प्लेट रबराच्या आहेत का.