कादंबरीच्या आधी तिचं साल

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चं नाव घेतात. ती 1871 ची. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या अस्सल कागदपत्रांच्या संग्रहाचा पहिला खंड निघाला 1898 मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या लेखकांपुढे बखरी होत्या, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ होता; अस्सल पत्रं फारशी छापलेलीच नव्हती. म्हणून वाचनालयातून जुनी कादंबरी घेताना पहिल्या आवृत्तीचं साल आधी बघावं.

शिवजन्माचंच बघा. जुन्या पुस्तकांत 1627 सापडतं. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंद, सांगते शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. इथे सरसकट 78 मिळवले की 1629 येतं आणि गफलत होते. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. म्हणून फाल्गुनाला 79 मिळवायचे, 1630.

राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच आहे, त्यामुळे पडताळायला खानदेशच्या वाचकाला पुण्याला जावं लागत नाही. तरी खुद्द खानदेश कादंबऱ्यांत फार थोडा आला, याची खंत वाटते. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं थाळनेर आणि बऱ्हाणपूर, 1601 मध्ये अकबराने घेतलेला असीरगड, 1857-58 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला भिल्ल नायक खाज्या नाईक: एकेक विषय मोठा आहे. पण कागद बरेचसे फारसी आणि इंग्रजी, शिवाय विखुरलेले.

कागद नसले की चूक राजाच्या नावात होत नाही, ती चुलीपाशी होते. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या थाळनेरात कळण्याची भाकरी चालेल. ज्वारी आणि उडीद इथे होतेच. वांगंही होतं. पण भरितात हिरवी मिरची ठेचली, वर शेंगदाणे टाकले, की प्रसंग फसला. दोन्ही पोर्तुगीज आल्यानंतरची. तिखटपणा मिरी-आल्याचाच हवा. मका, तंबाखू, पेरू यांचंही तेच. लेखकाने ताटाकडे नीट पाहिलं असेल, तर लढाईचे तपशीलही त्याने तपासले असण्याची शक्यता वाढते.

भाषेची परीक्षा संवादांवर करावी. शिवकाळातल्या पत्रांत फारसी शब्द भरपूर आहेत. त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला. त्यामुळे 1650 चा हवालदार जड संस्कृत शब्दांत बोलू लागला की कान टवकारावेत. उलट, ‘खलिता’, ‘मसलत’ नुसते पेरल्यानेही संवाद जिवंत होत नाही. छापील पत्रांतली दहा-बारा पानं मोठ्याने वाचावीत: मजकूर कामाचा, पाल्हाळ नाही, आणि आटोपताना ‘जाणिजे’ किंवा ‘बहुत काय लिहिणे’. मग लगेच कादंबरीतला एक संवाद तसाच मोठ्याने वाचावा.