आजारपणाचा भत्ता आणि १६ तासांची रेघ

ब्रिटनमध्ये विम्याच्या हप्त्यांवर मिळणारा आजारपणाचा भत्ता घेत थोडं काम करणाऱ्याने तास वाढवायचे म्हटले की १६चा आकडा आडवा येतो. आठवड्याला दहा तास चालतात, पंधराही चालतात, सोळावा भरला की भत्ता जातो. हा आकडा कुठल्याही आजाराकडे बघून काढलेला नाही. १९९२ साली अल्प उत्पन्न गटाच्या भत्त्यांसाठी ‘पूर्णवेळ काम’ कशाला म्हणायचं याची मर्यादा २४ तासांवरून १६वर आणली गेली. आजारी माणसांच्या नियमांत तो आकडा येऊन बसला १९९५मध्ये, इन्कपॅसिटी बेनिफिट, म्हणजे कामाला अक्षम ठरलेल्यांचा भत्ता, सुरू झाला तेव्हा.

त्याआधी तासांचा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जाई. १९११च्या विमा कायद्यापासून माणूस कामाला एक तर सक्षम किंवा अक्षम, मधलं काही नाही. स्वीडनमध्ये पाव, अर्धा, पाऊण असा आजारपणाचा भत्ता मिळतो. ब्रिटनने ती वाट कधी धरलीच नाही. १९७१मध्ये दीर्घ आजारासाठी आलेला इनव्हॅलिडिटी बेनिफिटही त्याच पायावर उभा होता. त्यात थोडं काम करायला सवलत होती, पण काम करण्यामागे ‘योग्य कारण’ दाखवावं लागे.

१९९५च्या नियमांनी ही सवलत आवळली. काम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचं, आणि त्याने आजार सुधारला पाहिजे किंवा बळावणं थांबलं, निदान लांबलं पाहिजे. याला सगळे ‘थेराप्यूटिक वर्क’, म्हणजे उपचार म्हणून केलेलं काम, म्हणत. या एका शब्दाने फार घोळ घातला. नैराश्यातून उठणाऱ्या माणसाला चार लोकांत बसण्याने बरं वाटतं, हे डॉक्टर लिहून देऊ शकत. पण संधिवाताचा रुग्ण दुकानात गल्ल्यावर बसला तर त्याचे सांधे सुधारतात, असं कुठला प्रामाणिक डॉक्टर लिहील? त्याला पैसे हवे असत, हाताला काम हवं असे, आणि ही दोन्ही कारणं नियमात बसत नसत. तास वाढवायचे तर अडचण आणखी वाढे. आठ तासांचं काम औषध ठरलं, मग बारा तासांचं काय? जास्त औषध, की बरं झाल्याचा पुरावा? सरकारी उत्तर बहुतेकदा दुसऱ्या बाजूला झुकतं, ही भीती लोकांच्या मनात तेव्हापासून घर करून आहे आणि ती निराधार नव्हती.

एप्रिल २००२मध्ये तो शब्द गेला आणि ‘पर्मिटेड वर्क’, परवानगीचं काम, आलं. डॉक्टरांची अट सुटली. आठवड्याला २० पौंडांपर्यंतची कमाई कायम चालणार होती. त्याहून जास्त कमवायचं तर १६पेक्षा कमी तास आणि सुरुवातीला फक्त २६ आठवड्यांची मुदत. कमाईची वरची मर्यादा पुढे १६ तासांच्या किमान वेतनाला बांधली गेली आणि त्यातून एक विचित्र गोष्ट झाली. २०२५मध्ये ही मर्यादा १९५.५० पौंड होती. ताशी १५ पौंड मिळवणारा १३ तासांतच तिथे पोचे, म्हणजे चांगल्या पगाराच्या माणसाला तास वाढवायला कमी जागा. एक पौंड जास्त झाला तर त्या आठवड्याचा सगळाच भत्ता जातो.

तास वाढवणाऱ्याला सर्वात जास्त गरज असते ती परतीच्या वाटेची. पूर्णवेळ काम करून पाहिलं, झेपलं नाही, तर जुन्याच दराने भत्त्यावर परत येण्याची मुदत १९९८मध्ये ५२ आठवडे केली गेली आणि २००६मध्ये १०४. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वात शहाणा नियम. २००८मध्ये जुन्या भत्त्याची जागा एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्सने घेतली, आणि २०१२मध्ये ही मुदत १२ आठवड्यांवर आली. दोन वर्षांवरून तीन महिन्यांवर! नव्या भत्त्यात परवानगीचं काम ५२ आठवडेच करता येई, ती मुदत २०१७मध्ये काढून टाकली, हे मात्र चांगलं झालं.

युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे अल्प उत्पन्न गटाचे अनेक भत्ते एकत्र करणारा भत्ता, २०१३पासून टप्प्याटप्प्याने आलं. त्यात १६ तासांची रेघ नाही. ठरावीक कमाईपर्यंत काही कापत नाहीत, पुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स जातात. २०२१च्या अखेरीपर्यंत ६३ जात. विम्याच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या आजारपणाच्या भत्त्याला मात्र जुने नियम अजून लागू आहेत, त्यामुळे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांना तास वाढवण्याचं उत्तर वेगवेगळं मिळू शकतं.

मार्च २०२५मध्ये सरकारने ‘काम करून पाहण्याचा हक्क’ जाहीर केला: नुसतं काम धरलं म्हणून फेरतपासणी होणार नाही. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने एप्रिल २०२६पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांची युनिव्हर्सल क्रेडिटमधली आरोग्याची जादा रक्कम जवळपास निम्म्यावर आणली. आज आधीच्या दराने ती रक्कम घेणारा माणूस तास वाढवण्याआधी विचारतो तो प्रश्न १९९५चाच आहे: तपासणीला बोलावतील का, आणि नाही जमलं तर आहे तो दर परत मिळेल का.