गाणी आयपॉडवर जातात, उलट का येत नाहीत?

आपणच भरलेली गाणी आयपॉडवर छान वाजतात, पण ती कॉम्प्युटरवर परत घ्यायची म्हटलं की वाटच सापडत नाही. कॉम्प्युटर नवा असेल तर आणखी पंचाईत. आयपॉडमध्ये गाणी भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, आयट्यून्स, सरळ विचारतं, आयपॉडवरचं सगळं पुसून इथली गाणी भरू का? बिघाड वाटतो खरा, पण हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे आणि त्याचं मूळ आयपॉडच्याही आधीचं आहे.

1998 साली डायमंड मल्टिमीडियाने अमेरिकेत रिओ पीएमपी 300 हा खिशात मावणारा एमपी3 प्लेअर आणला. मेमरी 32 एमबी, म्हणजे बऱ्या दर्जाची गाणी जेमतेम अर्धा तास. जोडायचा प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला. रेकॉर्ड कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेने त्याच ऑक्टोबरमध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. जून 1999 मध्ये अपील कोर्टाने डायमंडच्या बाजूने कौल दिला. आपल्या हार्ड डिस्कवरचं गाणं सोबत नेणं हा खासगी वापर ठरला. मात्र रिओमधून गाणं दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवता येत नाही, हेही कोर्टाने नोंदवलं होतं. पुढच्या प्लेअरवाल्यांनी ती नोंद नीट वाचली असणार, असं मला वाटतं.

23 ऑक्टोबर 2001 रोजी ॲपलने आयपॉड जाहीर केला: 5 जीबी, फायरवायर या वेगवान केबलची जोडणी, चालणार फक्त मॅकवर. वेष्टनाच्या प्लास्टिकवरच इंग्रजीत बजावलं होतं, गाणी चोरू नका. आतली रचना बघण्यासारखी आहे. गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ00, एफ01 अशा कप्प्यांत विखुरलेली असतात. नंतरच्या मॉडेलांत तर फाइलचं नावही चार निरर्थक अक्षरांचं. कुठलं गाणं कुठे आहे, हे आयट्यून्सने लिहिलेल्या डेटाबेसमध्येच असतं. म्हणून एमपी3 नुसती ओढून टाकली तर जागा अडते, गाणं मात्र यादीत येत नाही.

सगळंच खापर या रचनेवर फोडायचं कारण नाही. 2005 मधल्या नॅनो आणि व्हिडिओवाल्या आयपॉडना फायरवायरने चार्ज करता येतं, पण गाणी यूएसबीनेच जातात. मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही. तिथे 'फॉरमॅट करू का' या प्रश्नाला घाईत हो म्हणालात तर गाणी गेलीच.

लपवलेलं फोल्डर उघड करून फाइली हार्ड डिस्कवर कॉपी केल्या आणि आयट्यून्समध्ये घातल्या की गाण्यांची नावं बहुतेक वेळा परत येतात, कारण ती फाइलच्या आत टॅगमध्ये लिहिलेली असतात. अडतात ती ॲपलच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली जुनी गाणी. 2003 मध्ये सुरू झालेल्या या दुकानाची गाणी फेअरप्ले नावाच्या डिजिटल कुलपात यायची आणि एका खात्यावर आधी तीनच, 2004 पासून पाचच कॉम्प्युटरना परवानगी असायची. 2009 मध्ये गाण्यांवरचं कुलूप निघालं, पण त्याआधीची कुलूपबंद एम4पी फाइल नव्या कॉम्प्युटरवर आजही खरेदीच्या खात्याचा पासवर्ड मागते.