टेक द ए ट्रेन

संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नची जॅझ रचना. 1941 पासून अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ओळखधून. नावातली गाडी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची, हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीला नेणारी.

धून पुढे आली ती एका भांडणामुळे. मानधनाच्या वादातून 1 जानेवारी 1941 पासून अमेरिकी नभोवाणीवर 'अ‍ॅस्कॅप' या संगीतकार-प्रकाशकांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेच्या सभासदांचे संगीत बंद झाले. एलिंग्टन सभासद असल्याने त्याला स्वतःच्याच रचना रेडिओवर वाजवता येईनात. स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता. त्याची ही रचना चालली. ध्वनिमुद्रण 15 फेब्रुवारी 1941 रोजी, व्हिक्टर कंपनीसाठी, हॉलिवूडमध्ये झाले.

बांधणी 32 बारची (बार म्हणजे तालाचे छोटे आवर्तन), अअबअ: 'अ' भाग दोनदा, मग 'ब', मग पुन्हा 'अ'. प्रत्येक बार चार मात्रांचा, पट्टी सी मेजर. सुरुवातीला पियानोचे चार बार. सारी गंमत 'अ' भागाच्या तिसऱ्या-चौथ्या बारमध्ये आहे. सी हा षड्ज धरला तर सुरावट पंचम, तार गंधार, पंचम, तार षड्ज, तार गंधार अशी सरळ चालते आणि एकदम खाली कोमल धैवतावर येऊन थांबते. साथीला खाली डी-सेव्हन कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह). तिच्या मूळ स्वरापासून हा धैवत तीव्र मध्यमाइतका दूर, म्हणून तो टोचतो. नवखे वादक तो पंचमाकडे ओघळू देतात किंवा शुद्ध धैवत लावतात. मग धून गुळमुळीत होते. उलट चूकही होते: 'ब' भागात चार बार एफ मेजर झाल्यावर दोन बार पुन्हा डी-सेव्हन येते, तिथे हाच तिखट स्वर सवयीने लावला जातो. तिथे साधी कॉर्डच हवी.

मूळ मुद्रणात पहिल्या फेरीत (एक फेरी म्हणजे पूर्ण 32 बार) सॅक्सोफोन एकत्र सुरावट वाजवतात. मधल्या मोकळ्या जागा ट्रम्पेट-ट्रॉम्बोन भरतात. त्या गाळल्या तर रचना निम्मी उरते. दुसऱ्या फेरीत वाद्यवृंदातल्या रे नॅन्सचा म्यूट (आवाज दबवणारे बूच) लावलेला ट्रम्पेट. पुढे चार बारच्या जोडतुकड्यातून पट्टी ई-फ्लॅटला चढते आणि नॅन्स म्यूट काढून वाजवतो. त्याचे हे एकलवादन इतके पक्के बसले, की नंतरच्या ट्रम्पेटवादकांनीही त्यातली वाक्ये जशीच्या तशी ठेवली. शेवटी 'अ' भाग पुन्हा पुन्हा, दर वेळी हळू आवाजात. लय मिनिटाला सुमारे 165 मात्रा. याहून फार पळवली तर सॅक्सोफोनची झुलती चाल हरवते.

शब्द नंतर आले. त्यांतले रूढ झालेले जोया शेरिलचे. 1952 मध्ये बेटी रोशेने हे गीत स्कॅट गायनासह (निरर्थक अक्षरांवर सुरावट गाण्याची जॅझ पद्धत) मुद्रित केले. गाताना तार गंधारावरून कोमल धैवतावरची उडी ही खरी परीक्षा: मधले स्वर न घासता थेट उतरावे लागते.