कंठ फुटेपर्यंतचे स्टार : 'पॉपीज'ची पार्श्वभूमी

पॅरिसजवळच्या अस्निएरमध्ये १९४६ साली जाँ आमूरो यांनी मुलांचा गायनवृंद सुरू केला. त्याच वृंदातल्या १७ मुलांना घेऊन १९७० मध्ये 'ले पॉपीज' हा गट निघाला. डोकं फ्राँस्वा बेर्नहाइम या गीतकार-संगीतकाराचं, रेकॉर्ड बार्कले कंपनीच्या. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं आणि युद्धावर मोठ्यांनी गायलेली गाणी तोवर ढिगाने झाली होती. तेच शब्द मुलांच्या तोंडी आले की ऐकणारा ओशाळतो, हे बेर्नहाइमनी नेमकं हेरलं.

१९७१ चं 'नों, नों, रियाँ ना शाँजे' (नाही, नाही, काहीच बदललेलं नाही) हे त्याचं ठळक उदाहरण. एकटा मुलगा आपण मागितलेल्या युद्धविरामाची गोष्ट सांगतो, आणि ध्रुवपदाला सगळा वृंद 'हे, हे' करत त्याच्यावर कोसळतो. नेदरलँड्समध्ये हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. कारागिरी साधीच आहे, पण एका आवाजाचा एकटेपणा ऐकू यायचा तर मागे शिस्तीचा वृंद लागतोच.

ती शिस्त वर्षानुवर्षांच्या तालमीतून येते. स्वरांचे आकार सगळ्यांचे सारखे हवेत, आणि श्वास आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. शब्दाच्या शेवटी 'स' आला आणि प्रत्येकाने तो आपापल्या वेळी म्हटला, तर नुसता फुसफुसाट होतो; म्हणून तो दोघा-तिघांनीच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. चर्चमध्ये घुमणारा नाद असल्या चुका झाकतो. स्टुडिओत माईक तोंडाशी असतो, तिथे काहीच झाकलं जात नाही.

खरी अडचण मात्र वयाची. साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान मुलाचा कंठ फुटतो, स्वरतंतू लांब होतात, आवाज जवळपास सप्तकभर खाली येतो. मधल्या काही महिन्यांत वरचे सूर ऐनवेळी दगा देतात, अशा वेळी ताण देऊन गाऊन घेणं घशाला घातकच. गायनवृंदाला याची सवय असते; खालच्या रांगेतला मुलगा पुढे येतो आणि गाणं चालू राहतं. पॉप ऐकणाऱ्याला मात्र रेकॉर्डवरचाच आवाज हवा असतो, दरवर्षी नवा मुलगा नको असतो.

पॉपीजचा बहर सत्तरच्या दशकातच ओसरला. मूळ वृंद मात्र त्यानंतरही गात राहिला.